घटक ५ : डॉ. सुशीला नायर – रुग्णाच्या खाटेपासून गावाच्या उंबरठ्यापर्यंत

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• डॉ. सुशीला नायर यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• रुग्णचिकित्सा आणि सार्वजनिक आरोग्य यांतील फरक त्यांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• ‘आरोग्यसमता’ या संकल्पनेचा अर्थ उदाहरणांसह मांडता येईल.
• चरित्रनायिकेच्या विचारातील बदल घटनाक्रमातून कसा उलगडतो, हे ओळखता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काही जण वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे किंवा नालवाडी या गावांत राहत असतील. ही गावे आता शहरात जवळजवळ मिसळून गेली आहेत. येथून एका बाजूला सावंगीचे आणि दुसऱ्या बाजूला सेवाग्रामचे, अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये थोड्या वेळाच्या अंतरावर आहेत. त्यामुळे मोठा दवाखाना जवळ असणे ही गोष्ट आज येथे कोणाला विशेष वाटत नाही. परंतु १९३० च्या दशकाच्या अखेरीस पदवीधर डॉक्टर घडवणारे एकही महाविद्यालय विदर्भात नव्हते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १९४७ साली. अशा काळात दिल्लीत शिकलेली, विशीतली एक तरुणी डॉक्टर म्हणून वर्ध्याजवळच्या एका लहानशा खेड्यात आली. तिचे नाव सुशीला नायर.

‘गांधीजींच्या डॉक्टर’ म्हणून त्यांची ओळख सर्वत्र सांगितली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. एका थोर रुग्णाची सेवा करणारी डॉक्टर, एवढ्याच चौकटीत त्यांना बसवले, तर त्यांच्या आयुष्यातला खरा प्रवास आपल्या नजरेतून सुटतो. हा प्रवास प्रश्नाच्या बदलत जाण्याचा आहे. ‘या रुग्णाला काय झाले आहे?’ या प्रश्नापाशी त्यांनी आरंभ केला. ‘हा आजार याच वस्तीत का?’ या प्रश्नापर्यंत त्या आल्या. आणि अखेरीस ‘जो दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, त्याचे काय?’ या प्रश्नाला त्यांनी आपले उत्तरायुष्य दिले. या घटकात आपण त्यांचे चरित्र याच सूत्राने पाहणार आहोत.

५.२ बालपण आणि शिक्षण

सुशीला नायर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यातल्या कुंजाह या गावी झाला. हा गुजरात म्हणजे आपला शेजारी प्रांत नव्हे. पंजाबातील त्याच नावाचा हा जिल्हा आज पाकिस्तानात आहे. त्यांच्या आडनावाबाबतही असाच घोटाळा होतो. मराठी वाचकाला ‘नायर’ म्हटले की केरळ आठवतो. परंतु हे आडनाव पंजाबी असून त्याचे ‘नय्यर’ असे रूपही आढळते. नावांच्या सारखेपणामुळे चरित्रात किती चुका शिरू शकतात, याचे हे लहानसे उदाहरण आपण ध्यानात ठेवावे.

त्यांचे थोरले बंधू प्यारेलाल हे असहकाराच्या काळात शिक्षण सोडून गांधीजींकडे गेले आणि पुढे त्यांचे सचिव झाले. भावामुळे सुशीलाबाईंचा आश्रमाशी संबंध लहानपणापासूनच आला. मात्र भावाने शिक्षण सोडले, तसे त्यांनी सोडले नाही. त्या दिल्लीला आल्या आणि लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय १९१६ साली स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठीच स्थापन झाले होते. त्यामागे सामाजिक वास्तव होते. पडदा पाळणाऱ्या असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नसत. म्हणजे शहरात डॉक्टर असूनही त्यांच्यापुरता तो नसल्यासारखाच होता. स्त्री डॉक्टर घडणे ही केवळ स्त्रीशिक्षणाची बाब नव्हती, तर अर्ध्या समाजापर्यंत उपचार पोचण्याची ती पूर्वअट होती. सुशीलाबाईंनी या महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. आणि पुढे एम.डी. या पदव्या मिळवल्या.

५.३ सेवाग्राम आणि पटकीची साथ

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे १९४० साली या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. हिवताप आणि विषमज्वर येथे नेहमीचेच होते. गांधीजींनाही येथे हिवतापाने गाठले होते. सुशीलाबाई आश्रमात आल्या, तेव्हा रुग्ण गावभर होते आणि साधने मात्र अगदी तुटपुंजी होती.

त्या आल्यानंतर थोड्याच काळात वर्धा परिसरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरली. नुकतीच पदवी घेतलेल्या या तरुण डॉक्टरने ती साथ जवळजवळ एकटीने हाताळली. या घटनेचे महत्त्व समजून घेण्यासाठी पटकीचे स्वरूप थोडे पाहू. या आजारात जुलाब-उलट्यांमुळे शरीरातले पाणी आणि क्षार वेगाने निघून जातात आणि उपचार न मिळाल्यास काही तासांत माणूस दगावू शकतो. आजार पसरतो तो दूषित पाण्यातून. म्हणून पटकीशी झुंजणाऱ्या डॉक्टरला केवळ रुग्णाच्या उशाशी बसून भागत नाही. कोणत्या विहिरीचे पाणी कोण पिते, कोणाला कोणत्या विहिरीवर मज्जाव आहे, शौचाला माणसे कोठे जातात, मृताचे कपडे कोठे धुतले जातात, हे सारे त्याला पाहावे लागते. ज्या गावात विहिरीच जातीनुसार वाटल्या गेल्या होत्या, तेथे रोगाची वाटही सामाजिक रचनेतूनच जात होती.

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात रोगाचे कारण जंतू असते. साथीच्या गावात मात्र जंतूच्या जोडीला गरिबी, अस्पृश्यता आणि अज्ञान ही कारणे उभी राहतात. सुशीलाबाईंच्या पुढील आयुष्याची दिशा पाहिली, म्हणजे सेवाग्रामच्या या पहिल्या पर्वाचे मोल कळते.

५.४ आगाखान पॅलेसमधील पर्व

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली. त्याच दिवशी सायंकाळी कस्तुरबा शिवाजी पार्कवरील सभेस जाण्यास निघाल्या असता त्यांना आणि त्यांच्यासोबत सुशीलाबाईंनाही अटक झाली. दोघींना पुढे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. तेथे पोचल्यावर काही दिवसांतच, १५ ऑगस्ट रोजी, महादेवभाई देसाई यांचे अकस्मात निधन झाले. सुशीलाबाई त्या वेळी तेथेच होत्या. डॉक्टर जवळ असूनही काही करता आले नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्या काळात त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्यांत सुशीलाबाई होत्या.

या पर्वातला सर्वांत कठीण प्रसंग कस्तुरबांच्या अखेरच्या आजाराचा आहे. त्या काळी पेनिसिलिन हे औषध नवे आणि अतिशय दुर्मीळ होते. देवदास गांधींनी खटपट करून ते आपल्या आईसाठी मिळवले. परंतु आशा उरली नसताना पुन्हा पुन्हा सुया टोचून तिला यातना देऊ नयेत, असे गांधीजींचे मत पडले आणि ते औषध दिले गेले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. विद्यार्थी मित्रहो, या निर्णयाविषयी आजही मतभेद आहेत आणि आपणही त्यावर स्वतंत्रपणे विचार करावा. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढे नोंदवू की, उपाय हाताशी असणे आणि तो रुग्णाला मिळणे यांत माणसांच्या श्रद्धा, माया आणि अधिकार यांचे अंतर असते, हे तिशीच्याही आतल्या या डॉक्टरने अगदी जवळून पाहिले.

या बंदिवासात त्यांनी दैनंदिनी लिहिली. तिच्या आधारे ‘बापू की कारावास-कहानी’ हे त्यांचे हिंदी पुस्तक सिद्ध झाले. डॉक्टरच्या नोंदीतील नेमकेपणा आणि सहवासातला जिव्हाळा या पुस्तकात एकत्र आले आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याकडे आत्मपर लेखनाचा एक नमुना म्हणून पाहावे.

५.५ दवाखाना, दंगली आणि निर्वासित

सुटकेनंतर १९४४ साली सुशीलाबाईंनी सेवाग्रामला छोटा दवाखाना सुरू केला. रुग्णांची गर्दी इतकी वाढली की, आश्रमाच्या शांततेला बाध येऊ लागला. तेव्हा दवाखाना बिर्ला यांनी दिलेल्या अतिथिगृहात हलवण्यात आला. १९४५ साली त्याला कस्तुरबा रुग्णालयाचे रूप आले. स्त्रिया आणि मुले यांच्या उपचारांवर त्याचा प्रारंभी भर होता. ही निवड विचारपूर्वक होती. घरात कोणी आजारी पडले, तर कमावत्या पुरुषाला आधी डॉक्टरकडे नेले जाते. सून, लेक, तान्हे मूल यांचा क्रमांक शेवटी लागतो. ज्यांचा क्रमांक शेवटचा, त्यांच्यासाठी दार आधी उघडायचे, हा आरोग्यसमतेचा पहिला धडा या रुग्णालयाने गिरवला.

तथापि पुढची काही वर्षे सुशीलाबाईंना एका जागी राहू देणारी नव्हती. १९४६ च्या अखेरीस गांधीजी नोआखालीत गेले, तेव्हा त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना वेगवेगळ्या गावांत एकेकटे ठेवले. सुशीलाबाईंनीही अशाच एका गावात राहून रुग्णसेवा केली. ऑगस्ट १९४७ मध्ये गांधीजींनी पंजाबातील वाह येथील निर्वासितांच्या छावणीला भेट दिली आणि तेथील माणसांची काळजी घेण्यासाठी सुशीलाबाईंना मागे ठेवले. घर गमावलेल्या, आप्तांची कत्तल पाहिलेल्या माणसांच्या जखमा केवळ शरीराच्या नसतात. झोप उडणे, बोलणे बंद होणे, पुन्हा पुन्हा दचकणे अशा मनाच्या दुखण्यांसाठी त्या काळच्या छावण्यांत वेगळी व्यवस्था नव्हती. जवळ बसणारे माणूस हाच काय तो आधार होता. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, तेव्हाही सुशीलाबाई दिल्लीत नव्हत्या. बहावलपूरच्या हिंदूंची स्थिती पाहण्यासाठी त्या पाकिस्तानात गेलेल्या होत्या. ज्यांच्या प्रकृतीची चिंता इतकी वर्षे वाहिली, त्यांच्या अखेरच्या क्षणी त्यांची डॉक्टर त्यांनीच नेमून दिलेल्या कामावर होती.

५.६ रुग्णचिकित्सेकडून सार्वजनिक आरोग्याकडे

गांधीजींच्या मृत्यूनंतर सुशीलाबाई अमेरिकेत गेल्या आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेतल्या. एम.डी. झालेल्या, दहा वर्षांचा अनुभव असलेल्या डॉक्टरने पुन्हा विद्यार्थिनी व्हावे, हा या चरित्रातला निर्णायक वळणबिंदू आहे. प्रौढ वयात शिक्षणाकडे वळलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना त्याचे मोल अधिक सांगायला नको.

येथे दोन संज्ञांमधील भेद समजून घेऊ. ‘रुग्णचिकित्सा’ म्हणजे समोर आलेल्या एका व्यक्तीची तपासणी आणि उपचार. ‘सार्वजनिक आरोग्य’ या शास्त्राचा विषय मात्र संपूर्ण समुदाय असतो. त्यात मोजणीला फार महत्त्व आहे : किती जन्मले, किती दगावले, कोणत्या वयात, कोणत्या वस्तीत, कशाने. दवाखान्याच्या नोंदवहीत केवळ आलेल्यांची नावे असतात. न आलेल्यांचा हिशेब लावण्यासाठी घरोघर जावे लागते. ‘आरोग्यसमता’ ही संकल्पना याच मोजणीतून पुढे येते. सर्वांना सारखेच औषध देणे म्हणजे समता नव्हे; जात, लिंग, पैसा किंवा अंतर यांमुळे कोणाच्याही वाट्याला टाळता येण्याजोगे आजारपण आणि मरण येऊ नये, असा तिचा आशय आहे.

हा विचार भारतातही मूळ धरत होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही, या कारणाने कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व तिने मांडले आणि ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची रचना सुचवली. आपल्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राचे मूळ या अहवालात आहे.

१९५० साली परतल्यावर सुशीलाबाईंनी निर्वासितांसाठी वसवलेल्या फरिदाबाद येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन या संस्थेचे नेतृत्वही त्यांनी केले. या संस्थेचे मुख्य कार्यालय वर्ध्यातच आहे. वर्ध्याला कुष्ठसेवेची परंपरा आधीपासून होती. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले होते. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना हा रोग जडल्यावर गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली होती. फाउंडेशनच्या कामात डॉ. वारदेकर यांनी या सेवेला शास्त्रीय पद्धतीची जोड दिली. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरी राहून उपचार, अशी तिची तीन अंगे होती. रोग्याला गावाबाहेर काढण्याऐवजी उपचारच गावात न्यायचा, हा त्यातला मूलगामी बदल होय. ‘महारोगी’ हा शब्द मागे पडून ‘कुष्ठरोगी’ हा शब्द रूढ झाला, त्यामागेही दृष्टीचा असाच बदल आहे. शब्द बदलल्याने रोग बरा होत नाही. पण ज्या शब्दात भय आणि तिरस्कार साठलेला असतो, तो शब्द रुग्णाला आपला आजार लपवायला लावतो आणि लपवलेला आजार वाढत जातो.

५.७ सत्तेच्या वर्तुळात

१९५२ साली सुशीलाबाई दिल्लीच्या विधानसभेवर निवडून आल्या. १९५५ पर्यंत त्या दिल्लीच्या आरोग्यमंत्री होत्या. त्यानंतर त्या विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या. १९५७ साली झाशी मतदारसंघातून त्या लोकसभेवर गेल्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. देवीच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला होता आणि कुटुंबनियोजनासाठी १९६६ साली स्वतंत्र विभाग निर्माण झाला. हे दोन्ही विषय देशातल्या प्रत्येक घराशी निगडित होते.

मंत्रिपदामुळे कायदा आणि अंदाजपत्रक ही साधने त्यांच्या हाती आली. पण त्याच पदावरून आरोग्यव्यवस्थेतील एक मोठी अडचणही स्पष्ट दिसत होती. आरोग्य केंद्राची इमारत आदेशाने उभी राहते. तेथे मनापासून राहणारा डॉक्टर आदेशाने मिळत नाही. शहरात शिकलेला, शहरातल्या यंत्रांवर हात बसलेला विद्यार्थी पदवी मिळाल्यावर शहरातच राहू पाहतो. म्हणजे प्रश्न डॉक्टरांच्या संख्येइतकाच, डॉक्टर कोठे आणि कसा घडतो, याचाही होता.

५.८ खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय

या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान. कस्तुरबा हेल्थ सोसायटीची स्थापना १९६४ साली झाली होती. तिच्या छत्राखाली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले. ग्रामीण भागात स्थापन झालेले देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. जुने कस्तुरबा रुग्णालय त्याचे अध्यापन रुग्णालय झाले.

येथे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आरंभी काही दिवस आश्रमात राहावे लागते. खादी, श्रमदान आणि सर्वधर्मप्रार्थना यांना संस्थेच्या जीवनात स्थान आहे. त्याहून महत्त्वाचा भाग गावाचा. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि शिक्षणाच्या काळात तो त्या घरांत पुन्हा पुन्हा जातो. प्रेत चिरण्याआधी किंवा त्याच सुमारास जिवंत माणसाचे घर पाहायचे, चूल कोठे आहे, पाणी कोठून येते, कर्ज किती आहे हे पाहायचे, अशी ही शिक्षणाची उलट वाट आहे.

पुढील काळात संस्थेच्या डॉक्टरांनी परिसरातील खेड्यांत ज्वारीच्या रूपात वर्गणी घेणारी आरोग्य विमा योजना राबवली. शेतकऱ्याच्या हाती सुगीनंतर धान्य असते, रोकड नसते; म्हणून सुगीनंतर ज्वारी द्यायची. ज्याची जमीन अधिक, त्याची वर्गणी अधिक. भूमिहीन मजुराची कमी. उपचार मात्र गरजेप्रमाणे. ‘ऐपतीनुसार देणे आणि गरजेनुसार घेणे’ हे तत्त्व गावाच्या पायलीने मोजून दाखवणारा हा प्रयोग आरोग्यसमतेच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावा असा आहे.

चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. म्हणून या कार्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. खेड्यात शिकलेला प्रत्येक डॉक्टर खेड्यात राहतोच असे नाही. पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अट या संस्थेला घालावी लागली, यावरून केवळ संस्कार पुरेसे ठरत नाहीत, नियमाचेही बळ लागते, हे दिसते. मात्र नियम करणाऱ्या पदावर राहिलेल्या सुशीलाबाईंनी संस्कारांचीही व्यवस्था उभी केली, हे त्यांचे वेगळेपण होय.

१९७७ साली त्या पुन्हा झाशीतून लोकसभेवर निवडून गेल्या. तथापि त्यांचे मन सेवाग्रामात होते. तेथे त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत. १९८२ साली प्यारेलाल यांचे निधन झाल्यावर बंधूंनी हाती घेतलेले गांधीचरित्राचे अपुरे काम त्यांनी पुढे नेले. ३ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

५.९ सारांश

डॉ. सुशीला नायर यांच्या जीवनात शिक्षण, कारावास, निर्वासितांची सेवा, संसद आणि संस्था असे अनेक टप्पे आहेत. त्यांना जोडणारे सूत्र एकच आहे : उपचार आणि माणूस यांच्यामधले अंतर कमी करणे. पटकीच्या साथीत ते अंतर विहिरीचे होते; कस्तुरबा रुग्णालयात स्त्रीच्या दुय्यम स्थानाचे; कुष्ठरोगात तिरस्काराचे; आणि स्वतंत्र भारतात खेड्याकडे न वळणाऱ्या डॉक्टरचे. हे अंतर अद्याप संपलेले नाही. शरीराच्या आजारासाठी दार उघडले, तरी मनाच्या आजारासाठी ते अनेक घरांत आजही बंदच असते. ‘लागीर’, ‘करणी’, ‘वेड’ या शब्दांआड रुग्ण लपवला जातो. एकेकाळी कुष्ठरोग्याच्या बाबतीत जे घडले, तेच येथे घडते. म्हणून सुशीलाबाईंचा अखेरचा प्रश्न आता आपल्यापुढे आहे : आपल्या गावातून दवाखान्यापर्यंत कोण पोचत नाही, आणि का?

५.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रुग्णचिकित्सा आणि सार्वजनिक आरोग्य यांतील फरक डॉ. सुशीला नायर यांच्या जीवनातील दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
२. कस्तुरबांच्या अखेरच्या आजारातील पेनिसिलिनच्या प्रसंगाविषयी आपले मत कारणांसह मांडा.
३. ‘महारोगी’ ते ‘कुष्ठरोगी’ या शब्दबदलामागील सामाजिक दृष्टी विशद करा. आपल्या परिसरात मनाच्या आजारासाठी कोणते शब्द वापरले जातात? त्यांचा रुग्णावर काय परिणाम होत असेल, याची नोंद करा.
४. आपल्या गावातील किंवा वस्तीतील दहा घरांत भेट देऊन, आजारपणात दवाखान्यात जाण्यास कोणत्या अडचणी येतात, याचे ३०० शब्दांत टिपण तयार करा. कोणाचेही नाव लिहू नका.